धुक्याखालचा दगड

यान दाओलिन आमच्याच गल्लीत राहतात आणि डोंगरांची चित्रं काढतात, हे परगावच्या माणसांना सांगताना आमच्याकडच्या लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. माझा येत नाही. मला ते आधी रुइनियांगचे यजमान म्हणून ठाऊक आहेत, चित्रकार म्हणून नंतर. रुइनियांग माझी जिवाची मैत्रीण. कालव्याच्या एकाच पायरीवर बसून आम्ही भाज्या धुतल्या, आणि दर वर्षी एकाच नावेतून बगळ्यांच्या डोंगरावर गेलो.

त्या डोंगरावर जलचंद्र मठ आहे. करुणेची देवी ग्वानयिन माता, तिच्या जन्मदिवशी तिथे चिंगयुन माताजी कथा गातात. लाकडी मासा म्हणजे माशाच्या घडणीचं पोकळ वाद्य, त्यावर टिपरीने ठेका धरायचा, एक ओळ गायची, मग मध्येच थांबून साध्या बोलण्यात ती उलगडायची, हसवायचं, आणि हसू ओठांवर असतानाच पुन्हा सूर धरायचा. ओळ संपली की आम्ही सगळ्या मागून ‘नमो अमिताभ’ असं बुद्धाचं नाव घेऊन साथ देतो. त्या साथीसाठी मी काय वाटेल ते सोडून येईन. वर्षभर छातीत आवळून बसलेलं काहीतरी तिथे सैल होतं. गल्लीतल्या बायकांची नाव तिथवर नेण्याचं काम माझ्याकडे आहे. पिवळ्या पिशव्या सगळ्यांच्या खांद्याला आहेत का, उदबत्त्या ओलावल्या तर नाहीत ना, कोणाला नावेत मळमळतं, सगळं मीच बघते.

यानभाऊजी आमच्याबरोबर कधी आले नाहीत. वसंत आला की ते आमच्या आधीच डोंगरावर गेलेले असायचे. डोंगर तोच, बाजू दुसरी. दरीपलीकडच्या उतारावर त्यांची गवताने शाकारलेली झोपडी होती. तिथे महिनाभर एकटे राहायचे, धुकं बघायचे, पाण्याचा आवाज ऐकायचे. घरच्यांना एकच ताकीद होती: कोणी यायचं नाही, कोणी हाक मारायची नाही. एक हाक ऐकू आली तरी म्हणे आठवड्याची शांतता फुटते.

एका वर्षी उशिरा बर्फ पडलं आणि भाऊजी तिकडेच अडकले. सगळ्यांनी आशा सोडली होती. ते जिवंत परत आले तेव्हा रुइनियांग मातेपुढे नवस बोलली, की अंगात जीव आहे तोवर वर्षातून एकदा मठाचा उंबरठा ओलांडीन. ते तिने आजवर पाळलं. पोटुशी असताना पाळलं, सासूच्या सुतकात पाळलं.

गेल्या शरदात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा राहिली, उजवा हात राहिला, बाकी सगळं अंथरुणाला टेकलं. मी बसायला जायची तेव्हा ती दुखण्याबद्दल बोलायचीच नाही.

“फांगताई, मातेला काय सांगू गं? पाय गेले म्हणून शब्दही गेला?”

“तिला सगळं दिसतं.”

“दिसतं म्हणूनच तर लाज वाटते.”

हे भाऊजींच्या कानावर गेलं. आता त्यांच्याकडे एक रिवाज होता. मोठमोठे अंमलदार म्हातारे झाले, गुडघे गेले, की भाऊजींकडून कागदाच्या लांब गुंडाळीवर डोंगर काढून घ्यायचे, आणि अंथरुणात पडल्या पडल्या हातभर हातभर उलगडत फिरून यायचे. भाऊजी म्हणाले, “मी लोकांना फिरवलं, हिला नाही का नेणार?” हिवाळाभर ते त्यांच्या खोलीत शाई घासत बसले. खोकला लागला तरी उठले नाहीत. गुंडाळी तयार झाली, त्या दिवशी मी कमळकाकडीची लापशी घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

गुंडाळी बघायला दोन हात लागतात. डावा हात पुढची वाट उलगडतो आणि उजवा मागची गुंडाळत जातो. रुइनियांगचा डावा हात तर मेलेला. तेव्हा भाऊजी तिच्या डाव्या अंगाला पलंगावर बसले आणि पुढची वाट त्यांनी उलगडायची, मागची तिने गुंडाळायची, असं ठरलं.

“अहो, हळू. मी अजून नावेतच आहे.”

“बरं.”

“पुलाखाली बदकं नाहीत वाटतं?”

“बदकं…” भाऊजी घुटमळले. “चित्रात बदकं शोभली नसती.”

“पुलाखाली शोभतात की.”

पण ती खुशीत होती. घाट आला, वेळूचं बन आलं, पायऱ्या लागल्या, अर्ध्या चढावरचा मंडप आला. दम लागल्यासारखी ती तिथे थांबली सुद्धा. मग भाऊजींनी पुढचा हातभर कागद उलगडला आणि त्यावर काहीच नव्हतं. नुसतं धुकं. पांढरं, मऊ, अगदी ओलसर वाटावं असं. त्या धुक्यातून पार वर मठाचं छप्पर तरंगत होतं. भाऊजींच्या धुक्यापुढे भलेभले हात जोडतात. मीही जोडणार होते.

“इथे वाट कुठे गेली?” रुइनियांगने विचारलं.

“धुक्यात आहे.”

“मग मी वर जाऊ कशी?”

“अगं, इथून पुढे मनानं जायचं असतं.”

“मनाला गुडघे नसतात हो. मला गुडघ्यांनी चढायची सवय आहे.” तिने कागदावर बोट टेकवलं. “इथे एक दगड आहे. मोठा, सपाट. तो का नाही काढला?”

भाऊजींनी घसा साफ केला. मग म्हणाले, “मंडपापुढे मी त्या वाटेनं कधी गेलेलो नाही. आम्हाला शिकवतातच तसं. जिथलं ठाऊक नाही तिथे धुकं सोडावं.”

रुइनियांग त्यांच्याकडे बघत राहिली. “म्हणजे इतकी वर्षं लोक ज्या धुक्याला वाहवा म्हणतायत, ते सगळं…”

“सगळं नाही!”

“अर्धं?”

भाऊजींनी खिडकीकडे बघितलं. “अर्धं असेल.”

ती इतकी हसली की मला तिला उठवून पाठ चोळावी लागली. हसू ओसरल्यावर मात्र चेहरा उतरला. गुंडाळीवरचा हात तिने काढून घेतला. “मी मंडपापर्यंतच पोचले फांगताई. उंबरठा राहिला.”

“मला सांग दगडाजवळ काय आहे,” भाऊजी म्हणाले. “आत्ता काढतो.”

“सांगून काय काढणार? त्या दगडावर बसायला लागतं.”

मग मीच बोलले. “भाऊजी, दुसऱ्या महिन्यात आमची नाव निघते. बायकांची नाव आहे, पण वल्हेवाल्याशेजारी जागा असते. या. यंदाचा जन्मदिवस तिला नाही साधणार, पण मातेचे सण वर्षात तीन. सहाव्या महिन्यातला आहे की.”

भाऊजी आले. खरंच आले. पिवळी पिशवी खांद्याला अडकवून घाटावर उभे राहिले, तेव्हा नावेतल्या बायकांचं बोलणं एकदम बंद झालं. ते फार वेळ बंद राहणार नव्हतंच. आमच्यात चू आजी आहे. गल्लीच्या तोंडाशी टोफू विकते, आणि तिच्या जिभेला सुट्टी नसते.

“या, यानबुवा! एवढ्या बायकांत एकांत कसा मिळायचा तुम्हाला? फारच लागला तर पाण्यात उडी मारा. तिथे कोणी बोलत नाही.”

“आजी, माझ्या अंगावर नवे कपडे आहेत.”

“मग बसा गप आणि हे खा.” तिने त्यांच्या हातात हिरवा उंडा कोंबला. कोवळ्या पाल्याच्या रसात मळलेलं तांदळाचं पीठ, आत गोड पुरण. भाऊजींनी तो संपवायच्या आत दुसरा आला, मग तिसरा. एकट्या माणसाला खाऊ घालण्याची आमच्या बायकांची सगळी हौस त्या दिवशी फिटली. पुलाखालून जाताना बदकं दिसली. भाऊजी मान वळवून वळवून ती नाहीशी होईपर्यंत बघत होते.

नावेत आम्ही साथीची ओळ म्हणत जातो. भाऊजींचे ओठ हलत होते, पण सूर एकीकडे, ठेका दुसरीकडे. चू आजी म्हणाली, “तुमचं धुकं आवाजातही आहे हो.” ती गोष्ट मीच सगळ्यांना सांगितली होती. अशी गोष्ट पोटात ठेवायची तरी कशी!

डोंगरावर खरंच धुकं होतं. वेळूचं बन, पायऱ्या, मंडप, सगळं ओलं. भाऊजी दर वळणावर थांबायचे. जिथे बायका चप्पल काढून पाय चोळतात ती जागा त्यांनी बघितली. चहावालीची मोडकी छत्री बघितली. कुंपणाबाहेर आलेल्या एका वेड्यावाकड्या झाडाला आम्ही जाता-येता हात लावतो, त्याची साल हातांनी गुळगुळीत झालीय. भाऊजींनीही तिथे हात लावला. मंडपाच्या वरच्या अंगाला वाट जरा रुंद होते आणि डाव्या हाताला तो दगड आहे.

“हा तो,” मी म्हटलं. “रुइनियांग दर वर्षी इथे थांबायची. ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,’ म्हणायची. आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात.”

“मला वाटायचं लघवीला जाते,” चू आजी म्हणाली आणि बाकीच्यांना घेऊन पुढे गेली.

भाऊजी दगडावर बसले. नवख्या माणसाला मागे सोडून जायची मला मुभा नाही, म्हणून मीही वाटेच्या कडेला टेकले. समोर काही नव्हतं. दरीभर पांढरं. खाली कुठेतरी पाणी वाहत होतं. हीच का ती जागा, असं माझ्याही मनात आलं. मग वारं सुटलं. धुकं आधी झाडांच्या शेंड्यांवरून निघालं, मग मधून फाटलं, आणि पलीकडचा उतार ओलाचिंब उघडा पडला. त्या उतारावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, एक झोपडी.

भाऊजी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“ती माझी आहे,” ते म्हणाले.

मी बघितली. इतकी वर्षं त्या दगडावरून गेले, पण मान कधी तिकडे वळली नव्हती. आम्हा सगळ्यांची नजर वर, मठाकडे.

“फांगबाई, इतक्या लांबून माणूस दिसतो का हो?”

“माणूस कसला दिसतोय. चूल पेटली असेल तर धूर दिसेल.”

तेवढं तोंडातून गेलं आणि मला एकेक आठवायला लागलं. या दगडावरून मागाहून येणारी रुइनियांग बहुतेक वेळा हसतमुख असायची, मठातल्या अळंब्यांच्या शेवया दोनदा मागून घ्यायची. एका वर्षी मात्र तिने घास तोंडात घातला नव्हता. कथा संपायच्या आत उठली, मठाच्या लाकूडतोड्याला गाठलं आणि माझ्याकडचं तापाचं औषध, तांदूळ, आलं, सगळं त्याच्या टोपलीत भरलं. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, “डोंगरात कोणीतरी आजारी आहे.”

मी हे भाऊजींना सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता यायचं नाही.

“त्या वर्षी मी तापाने पडलो होतो,” ते म्हणाले. “दोन दिवस चूल पेटवायचं त्राण नव्हतं. तिसऱ्या दिवशी लाकूडतोड्या टोपली घेऊन दारात. कोणी पाठवलं म्हणून विचारलं तर नुसता हसला. मला वाटलं, डोंगरानेच पाठवलं.” त्यांनी दगडावरून हात फिरवला. “मी ते चित्रावर लिहिलं सुद्धा. एकट्या माणसाला डोंगर सांभाळतो, असं. ते चित्र फार गाजलं.”

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मी बाही डोळ्यांना लावली नाही, कारण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते त्या बिनधुराच्या झोपडीकडे बघत होते. रुइनियांग बसायची तिथेच, तशीच मान करून.

मठात पोचलो तर माताजींनी पहिला प्रश्न केला, “रुइनियांग कुठे आहे?” भाऊजींनी हात जोडून सगळं सांगितलं. मग जरा चाचरत विचारलं, “माताजी, ती चित्रातून आली तर तिचं बोलणं पाळल्यासारखं होईल का?”

माताजींनी त्यांना नीट न्याहाळलं. “तुमची चित्रं मी पाहिलीत यानजी. सुंदर असतात. पण त्यातल्या मठांची दारं कायम लावलेली. दार उघडं ठेवा, मग येईल ती. आणि आत दिवा लावा. हळू चालते ती, पोचेपर्यंत संध्याकाळ होईल तिला.”

त्या दिवशीची कथा मातेची होती. माता स्वर्गाच्या दारात उभी आहे, एक पाऊल आत टाकायचं बाकी आहे, आणि खालून कोणाचं तरी रडणं ऐकू येतं. ती उचललेलं पाऊल मागे घेते. माताजी इथे नेहमी थांबतात आणि म्हणतात, “बायांनो, तिला हाक कोणी मारली नव्हती बरं. ती आपणहून ऐकत होती.” हे वाक्य मी किती वर्षं ऐकत आले. यंदा ते ऐकताच मी वळून भाऊजींकडे पाहिलं. ते खांबाला टेकून बसले होते, मांडीवर बोटांनी ठेका धरून. साथीची ओळ आली तेव्हा त्यांचा आवाज अगदी वेळेवर पडला.

घरी परतल्यावर त्यांनी रुइनियांगला एवढंच विचारलं, “मला कधी सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “तुम्ही यायला मनाई केली होती, हाक मारायला मनाई केली होती. बघायला कुठे केली होती?”

मग भाऊजी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मंडपापर्यंतचा कागद त्यांनी तसाच ठेवला म्हणतात, फक्त पुलाखाली आणि वाटेवर इथेतिथे काहीतरी खुडबुड केली. पुढचं धुक्याचं सगळं काढून टाकलं आणि तिथे नवा कागद जोडला. उन्हाळा चढला तरी बाहेर दाखवेनात. रुइनियांग अंथरुणातून ओरडायची, “दगड सापडला का?” आणि ते आतून म्हणायचे, “बसलोय त्याच्यावर!”

सहाव्या महिन्यातल्या मातेच्या सणाला आम्ही बायका न्हाऊन-धुऊन, पिवळ्या पिशव्या घेऊन त्यांच्या घरी जमलो. मठात जाताना जमतो तशाच. खोलीत उदबत्ती लावली. मी लाकडी मासा मांडीवर घेतला. रुइनियांगचे केस चू आजीने विंचरून दिले आणि वर म्हणाली, “नवऱ्याबरोबर निघालीस, जरा नटायला नको?” भाऊजी तिच्या डाव्या अंगाला बसले. त्यांच्या हातात पुढची वाट, तिच्या हातात मागची.

पुलाखाली बदकं होती. एक मागे राहिलेलं, घाईघाईने पोहणारं.

“आता कसं!” रुइनियांग म्हणाली.

वेळूचं बन मागे पडलं. पाय चोळायची जागा आली, चहावालीची छत्री आली. वेड्यावाकड्या झाडाशी तिने बोट टेकवलं. मंडप आला. तिथे ती थांबली. आम्ही सगळ्या पलंगाशी सरकलो, कारण इथून पुढे मागच्या खेपेला काही नव्हतं. भाऊजींनी उलगडलं.

वाट होती. ओली, दगडगोट्यांची, डावीकडे वळणारी. आणि वळणावर तो दगड, मोठा, सपाट. त्याच्यावर कोणी नव्हतं.

“इथे कोणालाच बसवलं नाहीत?”

“तुझी जागा आहे ती. दुसऱ्या कोणाला कसं बसवू?”

धुकंही होतं. पण ते दरीच्या मधून फाटलेलं होतं, आणि त्या फटीतून पलीकडचा उतार दिसत होता. त्यावर झोपडी. झोपडीवर धूर, अगदी बारीक, केसासारखा, सरळ वर जाणारा. दार उघडं होतं. भाऊजींच्या चित्रात माणूस असला तर एखादाच असतो, आणि त्याची नेहमी पाठ दिसते. तो पाण्याकडे बघत असतो नाहीतर ढगांकडे. या दारात तिळाएवढा एक माणूस उभा होता. त्याला तोंड असं काढलेलं नव्हतं, तरी कळत होतं. तो दरी ओलांडून इकडे, दगडाकडे बघत होता.

“हा तीळ कोण गं?” चू आजीने मान पुढे घातली.

रुइनियांग त्या तिळाकडे बघत राहिली. तिच्या उजव्या हातातली गुंडाळी सैल झाली, ती भाऊजींनी हलकेच सावरली. मग ती आमच्याकडे न बघताच म्हणाली,

“तुम्ही व्हा पुढे. मी आलेच.”

आम्ही उठलो. चू आजी सुद्धा काही न बोलता उठली. स्वयंपाकघरात जाऊन आम्ही अळंब्या चिरल्या, शेवयांचं आधण ठेवलं. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. आधणाला उकळी आली, मी झाकण काढलं, तरी नाही. चू आजीने दाराकडे पाहिलं आणि पुन्हा चिरलेल्याच अळंब्या चिरायला घेतल्या.

मग हाक आली. “चला गं! मी पोचले!”

आम्ही ओले हात पुसत धावलो. शेवटचा हातभर कागद उघडला होता. मठाचं दार सताड उघडं, आणि आत खोल एक दिवा. रुइनियांगचे डोळे त्या दारावर खिळलेले. मी टिपरी उचलली, पण ठेका धरला नाही. अजून ती बाहेरच होती.

“उंबरठा उंच आहे,” भाऊजी हळूच म्हणाले. “जपून.”

“मला सांगताय?” ती म्हणाली. “मी दर वर्षी येते इथे.”

आणि तिने उजव्या हाताने मागची वाट पार उंबरठ्याच्या आतपर्यंत गुंडाळून घेतली. मी माशावर पहिला ठेका दिला.